एक गोळी, दोन आजार आणि मधली चिठ्ठी

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला फोन वाजला. नवी मुंबईतल्या घणसोलीचे एक काका. "ताई, ती रोजची गोळी डॉक्टरांनी बंद करायला सांगितलीय. किडनीवर येतेय म्हणाले. आठवडा झाला बंद करून. आता काय टेन्शन नाही ना?"

टेन्शन होतं. मी गॅस बारीक केला आणि वहीत तारीख लिहून घेतली. गोळी नक्की कोणत्या दिवसापासून थांबली, हे सकाळी सगळ्यात आधी विचारलं जाणार होतं.

काकांना एचआयव्ही आहे आणि हिपॅटायटिस बी हा यकृताचा आजारसुद्धा. एचआयव्हीची गोळी सरकारी एआरटी सेंटरमधून (एचआयव्हीच्या उपचारांचं केंद्र) फुकट मिळते. एका डबीत तीस गोळ्या, रोज एक. डबीवरचं लेबल काकांनी नखाने सोलून काढलेलं असतं. घरात सून आहे, नातवंडं आहेत. आमच्याकडे येणारे बरेच जण हेच करतात. पाय सुजल्यासारखे वाटले म्हणून काका घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं, क्रिएटिनिन (किडनी नीट गाळतेय का हे दाखवणारा आकडा) १.३ आलं. "कुठली औषधं चालू आहेत?" या प्रश्नावर काका म्हणाले, "काविळीची एक आहे, टेनोफोव्हिर." टेनोफोव्हिर काही जणांच्या किडनीला त्रास देतं हे डॉक्टरांना ठाऊक होतं, आणि ते खरंही आहे. त्यांनी गोळी थांबवली. एचआयव्हीबद्दल काकांनी चकार शब्द काढला नव्हता. डॉक्टरांना दोष द्यावा, तर त्यांच्यापुढे अर्धीच गोष्ट आली होती. काकांना द्यावा, तर उरलेली अर्धी सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते त्यांनी पूर्वी पाहिलेलं होतं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात समुपदेशक म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस दोन्ही असलेल्या माणसाला औषध मिळत नाही अशी वेळ आता क्वचित येते. औषध आहे, तपासणी आहे, तीही मोफत. घोळ होतो तो दोन ओपीडींच्या मध्ये. एका केसपेपरवर एक आजार, दुसऱ्यावर दुसरा, आणि दोन्ही कागद ज्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात ती पिशवी घेऊन फिरणारा माणूस एकटा. म्हणून काकांची ती डबी जरा उघडून बघू.

त्या गोळीला सगळे टीएलडी म्हणतात. तिच्यात तीन औषधं आहेत: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. एचआयव्हीवर तिन्ही चालतात. पण पहिली दोन हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरही चालतात. हे दोन विषाणू एकमेकांचे नातेवाईक नाहीत, तरी स्वतःच्या प्रती काढताना दोघेही एकच उलटी युक्ती वापरतात. आरएनए वाचून त्यावरून डीएनए बनवायचा. ही युक्ती अडवणारं औषध त्यामुळे दोघांनाही अडवतं. म्हणजे काकांच्या डबीत एका आजाराचं नाही, दोन आजारांचं औषध होतं. त्यांनी 'काविळीची गोळी' बंद केली आणि त्याच क्षणी एचआयव्हीचे उपचारही थांबले.

एचआयव्हीचं औषध सुटलं की काय होतं हे लोकांना आता बऱ्यापैकी माहीत आहे. काही आठवड्यांतच रक्तातला विषाणू पुन्हा वाढतो. हिपॅटायटिस बीचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. हा विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रकात जाऊन आपल्या डीएनएची एक छोटी गोल कडी करून बसतो. आजची औषधं त्या कडीला हात लावू शकत नाहीत, त्या कडीपासून नवीन विषाणू तयार होऊ नयेत एवढंच बघतात. नवी मुंबईतल्या लोकांना हे पटकन समजतं, कारण आपल्या शहराचा काही भाग भरतीच्या पातळीखाली आहे. पावसाचं पाणी साठवणाऱ्या धारण तलावाच्या तोंडाशी, खाडीच्या बाजूला, झडपा आहेत. भरती आली की त्या मिटतात, म्हणून सेक्टरमध्ये पाणी शिरत नाही. खाडी कुठे गेलेली नसते. गोळी म्हणजे ती झडप. आठ दिवस झडप उघडी ठेवली आणि भरती आली नाही, तर ते नशीब.

आणि भरती येते तेव्हा यकृताची नासधूस विषाणू स्वतः फारशी करत नाही. विषाणू भराभर वाढलेला दिसला की आपलीच प्रतिकारशक्ती चवताळून यकृताच्या बाधित पेशींवर तुटून पडते. एसजीपीटीचा (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या घटकाचा) आकडा शेकड्यांत जातो, डोळे पिवळे होतात. ज्याचं यकृत आधीच आखडलेलं, म्हणजे सिरॉसिस झालेलं असतं, त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून दोन्ही आजार असलेल्या माणसाची एचआयव्हीची औषधं कधी बदलायची झाली, तरी टेनोफोव्हिरच्या जागी काय येतंय हे आधी ठरवावं लागतं. नुसतं लॅमिव्ह्युडिन शिल्लक ठेवलं तर बीचा विषाणू काही वर्षांत त्याला दाद देईनासा होतो.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त शिकलेल्या, खासगीत जाणाऱ्या माणसांच्या बाबतीत होताना मी पाहिली आहे. कंपनीच्या मेडिकलमध्ये एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह निघतं, माणूस पोटाच्या डॉक्टरांकडे जातो, हिपॅटायटिस बीसाठी एन्टेकॅव्हिर किंवा एकटं टेनोफोव्हिर सुरू होतं. एचआयव्हीची तपासणी कुणी केलेली नसते, कारण 'चांगल्या घरातला माणूस' दिसतो. ही दोन्ही औषधं एचआयव्हीला थोडीशी टोचतात पण मारत नाहीत. आत एचआयव्ही असेल तर तो या अर्धवट माऱ्यातून शिकून तयार होतो आणि पुढे खऱ्या उपचारांतली औषधं निकामी करू शकतो. म्हणून नियम सोपा आहे. हिपॅटायटिस बीचं औषध सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी, आणि एचआयव्ही निघाला की बी आणि सी दोन्हींची. तिन्ही विषाणूंच्या वाटा बऱ्याचशा त्याच आहेत: दूषित सुई, रक्त, असुरक्षित संबंध, आईकडून बाळाला. चांगल्या घराचा यात काही संबंध नाही.

आता किडनीचं. डोल्युटेग्रॅव्हिरची एक खोड आहे. किडनीच्या नलिका थोडं क्रिएटिनिन लघवीत टाकत असतात. हे औषध ते टाकणं जरासं अडवतं. गाळणी ठीक असते, पण रक्तातला आकडा ०.१–०.२ ने वर जातो, गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच, आणि मग तिथेच थांबतो. हे माहीत नसलेल्या डॉक्टरला रिपोर्ट बघून किडनी बिघडतेय असंच वाटणार. काकांच्या हिरव्या पुस्तिकेत (एआरटी सेंटर प्रत्येकाला देतं ती) जुने आकडे होते. टीएलडी सुरू व्हायच्या आधी १.०, नंतर १.२, वर्षभर १.२. आता १.३. पुस्तिका घरीच होती, कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. घराजवळच्या डॉक्टरांनी ती बघितली असती तर त्यांनी गोळी थांबवण्याआधी पुन्हा तपासणी केली असती, एवढी माझी खात्री आहे.

खरोखरच किडनी कमी चालत असेल तर? तेव्हाही मार्ग असतात. टेनोफोव्हिरचा डोस किडनीच्या हिशेबाने कमी करता येतो, त्याचाच किडनीला सोसणारा नवा प्रकार देता येतो, किंवा एचआयव्हीची औषधं बदलून त्यांच्या जोडीला एन्टेकॅव्हिर लावता येतं. यातलं काय करायचं ते एआरटीचे डॉक्टर आणि यकृताचे डॉक्टर बोलून ठरवतात. 'बंद करा आणि बघू' हा पर्याय त्यात नाही.

हिपॅटायटिस सीची गोष्ट एकदम वेगळी आणि बरीच आनंदाची. बी आयुष्यभर सांभाळावा लागतो. सी बरा होतो. मी कामाला लागले तेव्हा सीसाठी इंजेक्शनं असायची, आठवड्याला एक, अनेक महिने, ताप-अंगदुखीसकट, आणि शेवटी बरा होईलच याचा भरवसा नाही. मग २०१३ मध्ये अमेरिकेत सोफॉसबुव्हिर आलं. एका गोळीला हजार डॉलर, बारा आठवड्यांचे ८४,००० डॉलर. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून सरकारी उपचार केंद्रांत ते मोफत मिळतं. (२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन, बीचा विषाणू शोधणाऱ्या बरूच ब्लूमबर्ग यांचा वाढदिवस.) सिरॉसिस नसेल तर सोफॉसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर रोज, बारा आठवडे. सिरॉसिस असेल तर सोफॉसबुव्हिरसोबत वेलपाटासव्हिर. एचआयव्ही असलेल्यांनाही हेच, आणि ते इतरांइतकेच बरे होतात.

फक्त इथेही आधी दोन कागद शेजारी ठेवून बघावे लागतात. कुणी अजून एफाव्हिरेन्झ असलेली जुनी एचआयव्हीची गोळी घेत असेल तर डॅक्लाटासव्हिरचा डोस ६० ऐवजी ९० मिलिग्रॅम लागतो, आणि वेलपाटासव्हिर तर तिच्यासोबत चालतच नाही. टीएलडीवाल्यांना ही अडचण नाही. अॅसिडिटीच्या गोळीने मात्र दोन्हीकडे गोंधळ होतो. पोटात पुरेसं आम्ल नसेल तर वेलपाटासव्हिर नीट शोषलं जात नाही. आणि अँटासिड टीएलडीच्या लगोलग घेतलं तर डोल्युटेग्रॅव्हिर पोटातच अडकून राहतं. टीएलडी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. 'साधी गॅसची गोळी आहे, त्यात काय सांगायचं' म्हणून रुग्ण ही एकच गोष्ट कधी सांगत नाहीत.

तिन्ही विषाणू एकत्र असतील तेव्हा आणखी एक मेख आहे. सी जोरात असताना बी बऱ्याचदा दबून असतो. सीच्या गोळ्यांनी सी गेला की बीला रान मोकळं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये या औषधांवर याचा ठळक इशारा छापायला लावला. टीएलडी घेणाऱ्याला आपोआप संरक्षण मिळतं, कारण तिच्यात बीचं औषध आहेच. पण ती तो नियमित घेतोय ना, हे सीचा कोर्स देणाऱ्या डॉक्टरांना कुठून कळणार? पुन्हा तीच पिशवी, तेच दोन कागद.

सीचे बरेच रुग्ण सुईने नशा करणारे किंवा पूर्वी करत असलेले असतात. आपल्याकडे स्टेशनवर लोक त्यांना एका शब्दात निकालात काढतात, आणि तो शब्द मी दवाखान्याच्या रांगेतसुद्धा ऐकला आहे, खिडकीच्या आतल्या बाजूने. ज्याला पहिल्याच दिवशी तो ऐकू येतो तो दुसऱ्या दिवशी येत नाही. अशा माणसासाठी ओएसटी केंद्रं आहेत, तिथे नशेच्या सुईची जागा घेणारी बुप्रेनॉर्फिनची गोळी देतात. तिथे तो रोज जातो, तिथल्या लोकांवर त्याचा विश्वास असतो. एचआयव्हीची किंवा सीची गोळीही त्याच वेळी, त्याच ठिकाणी घेण्याची सोय झाली तर ती चुकत नाही. मला कुणी विचारलं की 'समन्वय' म्हणजे नक्की काय, तर मी हे उदाहरण देते. ज्या दारातून माणूस रोज आत येतो, त्या दारात बाकीचं आणून ठेवायचं.

टीबीचं थोडक्यात सांगते, कारण एचआयव्हीसोबत तो वारंवार येतो आणि मग ओपीडी तीन होतात. टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन हे यकृताला इतर औषधं झपाट्याने निपटायला लावतं. त्यामुळे टीबीचा कोर्स चालू असताना डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. टीएलडी एकदा आणि बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी. सीच्या गोळ्या रिफाम्पिसिनसोबत देतच नाहीत. आधी टीबी, मग सी. शिवाय टीबीची तीन औषधं यकृतावर जड असतात, त्यामुळे आत हिपॅटायटिस असेल तर एसजीपीटीवर जास्त बारीक लक्ष. काविळीवर गळ्यात माळ घालणारे आणि 'कावीळ उतरवणारे' अजून आहेत. हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं ते आंब्याच्या झाडाच्या सालीच्या रसाने आणि चुन्याच्या निवळीने. कावीळ नसलेल्याचे हात धुवा, तरी होतं. माळेने नुकसान होत नाही म्हणून मी कुणाची माळ कधी काढायला लावली नाही. पण सोबत दिलेलं चूर्ण कशाचं आहे ते मी विचारते, कारण ते यकृतातूनच जाणार असतं.

आता आपल्या भागाची खास अडचण. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा. पुढे खारघर लागलं की रायगड. खाडीपूल ओलांडून मानखुर्दला गेलात की मुंबई, आणि मुंबईचा एचआयव्ही कार्यक्रम चालवणारी संस्थाच बरीच वर्षं वेगळी राहिली, बाकी महाराष्ट्राची वेगळी. माणूस राहतो कळंबोलीला, काम करतो रबाळे एमआयडीसीत, एचआयव्हीचं औषध घेतो ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तीन स्टेशनं पलीकडे, आणि पोट दुखलं की जवळ जे असेल तिथे. तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवरचा ड्रायव्हर तर महिन्यात पाच राज्यं फिरतो. त्याला एआरटी सेंटर एकदम काही महिन्यांच्या गोळ्या देऊ शकतं, दुसऱ्या सेंटरला कायमची बदली करता येते, लांब पडत असेल तर जवळच्या लिंक एआरटी सेंटरमधून (मोठ्या सेंटरला जोडलेलं छोटं केंद्र) गोळ्या घेता येतात. हे सगळं मागावं लागतं आणि मागायचं असतं हे माहीत असावं लागतं. जवळचं केंद्र कुठलं हे विचारायला १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे, मराठीत बोलतात.

हे सगळं सांगितल्यावर नेहमी एकच प्रश्न येतो: "म्हणजे सगळ्यांना सांगायचं का, मला एचआयव्ही आहे म्हणून?" सगळ्यांना नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती कुणालाही देता येत नाही. मोजक्याच बाबतींत सूट आहे, त्यातली उपचारांपुरती ही. त्याच्या उपचारांत असलेला एक डॉक्टर किंवा कर्मचारी, उपचारासाठी गरजेचं असेल तेव्हा, उपचारांतल्याच दुसऱ्याला सांगू शकतो. वॉर्डबॉयला, कंपनीच्या एचआरला, खाटेवरच्या पाटीवर नाही. आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं याच कायद्याने मना आहे. तरी मी रुग्णाला विचारल्याशिवाय कधी फोन उचलला नाही. कायदा परवानगी देतो म्हणून माणसाचा विश्वास गमवायचा नसतो.

काकांच्या बाबतीत तोंडाने सांगायची वेळच येऊ नये म्हणून आम्ही चिठ्ठी केली. सोमवारी सकाळी एआरटीच्या डॉक्टरांनी आधी गोळी पुन्हा सुरू केली, लिव्हर फंक्शनची तपासणी लिहिली आणि मग माझ्या आग्रहावरून लेटरहेडच्या अर्ध्या कागदावर चार ओळी लिहिल्या. 'रुग्ण टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्रॅव्हिर घेत आहे. एचबीएसएजी पॉझिटिव्ह. क्रिएटिनिनची बेसलाइन १.२, डोल्युटेग्रॅव्हिरमुळे किंचित वाढ अपेक्षित. कृपया आमच्याशी बोलल्याशिवाय औषध थांबवू नये.' खाली सही, शिक्का, ओपीडीचा नंबर. एचआयव्ही हा शब्द त्यात कुठेही नाही. ज्याला औषधांची नावं कळतात त्याला सगळं कळतं; बाकीच्यांना काही कळत नाही. काकांनी ती घडी करून आधार कार्डाच्या मागे ठेवली. मी तिचा फोटोही त्यांच्या मोबाइलमध्ये काढून दिला, कारण पावसाळा होता.

एसजीपीटी पहिल्या आठवड्यात दुपटीने वाढला, मग उतरला. डोळे पिवळे झाले नाहीत. त्या काळात त्यांच्या बायकोची आणि मुलाची एचबीएसएजी तपासणी झाली, दोघंही निगेटिव्ह निघाले आणि दोघांनीही लस घेतली: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. एचआयव्ही असलेल्या पण बी नसलेल्या माणसालाही ही लस द्यायची असते, आणि मोठ्यांच्या बाबतीत ती हमखास विसरली जाते. बाळांना आता जन्मल्यावर चोवीस तासांत पहिला डोस देतात. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश वेगळे. बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस तग धरू शकतो. ताट, पेला, चादर यांनी काही होत नाही, हे मी सुनेला समोर बसवून सांगितलं. काकांना बी आहे एवढंच तिला सांगायला त्यांनी परवानगी दिली होती.

शेवटचा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. काकांच्या एआरटीच्या तारखा महिन्याच्या सुरुवातीला यायच्या, यकृताच्या ओपीडीच्या तिसऱ्या आठवड्यात. प्रत्येक खेपेला एक खाडा. काका गोडाऊनमध्ये रोजंदारीवर आहेत. खाडा म्हणजे पैसे नाहीत, आणि दोन खाड्यांत एक ओपीडी हमखास बुडते. बुडायची ती नेहमी यकृताची, कारण यकृत दुखत नाही. दोन ठिकाणच्या सिस्टरशी तीन वेळा बोलावं लागलं, एकदा आवाज चढवावा लागला. आता दोन्ही तारखा एकाच मंगळवारी येतात. काका सकाळी घणसोलीहून लवकरची लोकल पकडतात, रक्त देऊन पहिल्या खिडकीवर गोळ्या घेतात, मग दुसऱ्या बिल्डिंगमध्ये सोनोग्राफीच्या रांगेत बसतात. डबीचं लेबल ते अजूनही सोलतात. आधी मात्र त्याचा फोटो काढून ठेवतात.